डोळ्याच्या पडद्याचे अन्न आणि ते पोचवणाऱ्या पेशी

मे महिना सरत आला की राजमाचीच्या वाटेवर काजवे पाहणाऱ्यांची गर्दी होते. वाट दाखवणारी मंडळी आधी सगळ्यांना बॅटऱ्या बंद करायला लावतात. सुरुवातीला हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. मग झाडांच्या कडा उमटू लागतात, पायाखालची वाट फिकट होऊन वेगळी कळते आणि अर्ध्या तासाने, जिथे नुसता काळोख होता तिथे, अख्खे झाड लुकलुकताना दिसते. एवढा वेळ डोळ्याला विसावा मिळाला असेल, असा आपला समज असतो. पण डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, सर्वांत जास्त ऊर्जा खर्च करते ते अशाच अंधारात.

दृष्टिपटलातल्या दंडपेशींच्या आवरणातली सूक्ष्म दारे अंधारात उघडी असतात. त्यांतून सोडियम सतत आत येतो आणि तो बाहेर काढण्यासाठी पेशीला पंप अखंड चालवावे लागतात. प्रकाश पडला की दारे मिटतात आणि पंपांचा भार हलका होतो. उंदराच्या एका दंडपेशीला अंधारात सेकंदाला ऊर्जा पुरवणारे सुमारे १० कोटी एटीपी रेणू लागतात आणि लख्ख उजेडात हा खर्च तीन चतुर्थांशांहून अधिक घटतो, असा हिशेब २००८ साली मांडला गेला. माणसाच्या एका डोळ्यात अशा दंडपेशी ९ कोटींच्या घरात असतात. रंग आणि बारकावे दाखवणाऱ्या शंकुपेशी ४५ ते ६० लाख.

एवढ्या पेशींना अन्न कोण पोचवते, कोणत्या वाटेने, आणि वाट अडली तर काय होते, हा प्रश्न गेली शंभर वर्षे शास्त्रज्ञांना गुंतवून आहे. या शंभर वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट होत गेली आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. दृष्टिपटलाच्या कितीतरी दुखण्यांत रक्तात अन्नाला तोटा नसतो, बिघडलेले असते ते वाटप. शेजारच्या पेशीने घास पुढे सरकवला नाही, दार बंद पडले, उरलेले बाहेर गेले नाही, की भरल्या घरात पेशी उपाशी मरतात.

दोन बाजूंची रसद

दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे आहे, तरी त्याला रक्त दोन वेगळ्या बाजूंनी मिळते. आतल्या भागात चेतापेशींचे जाळे आहे आणि ते दृष्टिपटलाच्या स्वतःच्या रोहिणीवर चालते. बाहेरच्या भागात दंडपेशी आणि शंकुपेशी दाटीने उभ्या असतात. तिथे एकही रक्तवाहिनी नाही. डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडद्याचा फोटो काढतात, तेव्हा या रचनेची खूण दिसते. नारिंगी पार्श्वभूमीवर लाल वाहिन्या कमानी करत पसरलेल्या असतात, पण पीतबिंदूच्या मधोमध येण्याआधी त्या थांबतात. साधारण अर्धा मिलिमीटर रुंदीचा हा ठिपका पूर्णपणे वाहिन्यांविना असतो. अक्षर वाचणे, सुई ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, हे सगळे या ठिपक्यावर अवलंबून. रक्तवाहिनी प्रकाशाच्या वाटेत आली असती तर प्रतिमा अडली असती. ती अडचण टळली, पण त्यापायी शरीरातल्या अत्यंत खर्चिक पेशींना जवळजवळ सगळे अन्न मागच्या बाजूने घ्यावे लागते.

मागच्या बाजूला कोरॉइड हा रक्तवाहिन्यांचा दाट थर आहे. तिथून वाहणारे रक्त इतके विपुल असते की ऑक्सिजन देऊन झाल्यावरही ते जवळपास भरलेलेच परत जाते. कोरॉइड आणि दंडपेशी यांच्यामध्ये एक पातळ पटल आणि त्यावर रंजक पेशींचा एकेरी थर असतो. या षट्कोनी, काळपट पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांना मुक्तद्वार आहे. बाकी बहुतेक रेणूंना पेशीच्या आवरणातल्या वाहक प्रथिनातूनच जावे लागते.

एका रेणूबरोबर ही वाट चालून पाहू. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण तयार केले आणि ते १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आले. नाणे मावळातल्या एखाद्या घरी त्याचा भात ताटात पडला आणि आतड्यात त्यातल्या पिष्टाचे ग्लुकोज झाले. हा रेणू यकृत आणि हृदय ओलांडून कोरॉइडच्या सच्छिद्र केशवाहिनीतून बाहेर पडतो. रंजक पेशीच्या मागच्या भिंतीत ग्लुट-१ नावाचे वाहक प्रथिन असते, ते त्याला आत घेते. पुढच्या भिंतीतही ग्लुट-१ असते, त्यातून तो दंडपेशींच्या भोवतालच्या चिंचोळ्या जागेत उतरतो. तिथून दंडपेशीच्या आत. ग्लुट-१ हे दार इन्सुलिनची वाट पाहत नाही. रक्तात साखर जास्त असली की दृष्टिपटलातही ती जास्त शिरते. मधुमेहाच्या दृष्टीने या गोष्टीला फार महत्त्व आहे, ते पुढे येईल.

वॉरबर्गचे कोडे

दंडपेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे पुढे काय होते? शाळेत शिकवलेला क्रम असा: ग्लुकोजचे विघटन होऊन पायरुवेट तयार होते, ऑक्सिजन असेल तर ते तंतुकणिकांत जाऊन पूर्ण जळते आणि एका रेणूमागे तीसेक एटीपी देते. ऑक्सिजन नसेल तर पायरुवेटचे लॅक्टेट होते आणि हाती फक्त दोन एटीपी लागतात. बर्लिनमध्ये ऑटो वॉरबर्ग १९२० च्या दशकात ऊतींचे पातळ काप मॅनोमीटरला जोडून त्यांचा श्वास मोजत होते. कर्करोगाच्या गाठी ऑक्सिजन असतानाही भरपूर लॅक्टेट बनवतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्याच मोजणीत निरोगी दृष्टिपटलही तसेच वागताना दिसले. त्यांचे सहायक हान्स क्रेब्ज यांनी १९२७ साली दृष्टिपटलाच्या चयापचयावर स्वतंत्र निबंध लिहिला. पुढच्या प्रयोगांतून ठरले की दृष्टिपटलाने घेतलेल्या ग्लुकोजपैकी ८० टक्क्यांहून अधिक लॅक्टेटच्या रूपाने बाहेर पडते.

ते दशकच शरीराला मोजपट्टी लावणारे होते. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि उड्डियान व नौली करताना पोटातला दाब किती बदलतो हे मॅनोमीटरने मोजून ‘योग मीमांसा’ या नियतकालिकात छापले. परंपरेने सांगितलेले असो वा पाठ्यपुस्तकाने, आधी मोजायचे आणि मग मानायचे, ही शिस्त दोन्हीकडे सारखी होती. दृष्टिपटलाच्या बाबतीत मोजणीने पाठ्यपुस्तकाला छेद दिला.

पण असे का, याचे उत्तर मिळायला ऐंशी-नव्वद वर्षे जावी लागली. प्रत्येक दंडपेशीच्या टोकाला पटलांच्या चकत्यांची उतरंड असते आणि प्रकाश टिपणारे रंगद्रव्य त्यांत असते. रिचर्ड यंग यांनी १९६७ साली दाखवले की ही उतरंड सतत नवी होत असते. रोज टोकाचा सुमारे दहावा भाग गळून पडतो आणि तळाशी तेवढाच नवा तयार होतो. या बांधकामाला मेद, प्रथिने आणि त्यांचा कच्चा माल लागतो. ग्लुकोज पूर्ण जाळून टाकले तर कच्चा माल उरत नाही. ते अर्धवट वापरले तर बांधकामाला हवे ते रेणू मधल्या पायऱ्यांवर काढून घेता येतात. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या कॉन्स्टन्स सेप्को यांच्या प्रयोगशाळेत यशोधन चिंचोरे आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली उंदरांच्या दंडपेशींत लॅक्टेट बनवणारे विकर कमी करून पाहिले. चकत्यांची उतरंड आखूड झाली. लॅक्टेट बनवण्याची ही रीत दंडपेशींच्या वाढीशी बांधलेली आहे, हे त्यातून दिसले.

याचा अर्थ तंतुकणिका बिनकामाच्या आहेत असा नाही. दंडपेशी आणि शंकुपेशी यांच्या मधल्या भागात त्या ठासून भरलेल्या असतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा त्याच देतात. त्या बंद पडल्या तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. अशा दारूतल्या मिथेनॉलचे शरीरात फॉर्मेट होते आणि फॉर्मेट तंतुकणिकांतले श्वसनाचे शेवटचे विकर अडवते. मिथेनॉलच्या तडाख्यातून जीव वाचला तरी नजर जाऊ शकते, कारण दृष्टिपटल आणि दृष्टिचेता यांना हा अडथळा सोसत नाही.

दार, दाराची जोडीदार आणि आंधळे झालेले उंदीर

लॅक्टेटला आपल्याकडे अजून टाकाऊ पदार्थाचेच नाव आहे. लोहगडाच्या पायऱ्या चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या की लोक लॅक्टिक आम्लाला बोल लावतात. ते लॅक्टेट गड उतरल्यावर तासा-दोन तासांतच रक्तातून कमी झालेले असते. दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना झालेले बारीक घाव. जॉर्ज ब्रूक्स यांनी १९८० च्या दशकात मांडले की लॅक्टेट हे एका पेशीने दुसरीला दिलेले इंधन आहे. हृदय ते जाळते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. दृष्टिपटलातही ते असेच हातोहात फिरते.

त्यासाठी खास वाहक प्रथिनांचे कुटुंब आहे. त्यांना एमसीटी म्हणतात. कुटुंबात चौदा सदस्य आहेत आणि त्यांतले पहिले चार लॅक्टेट वाहतात. प्रत्येक लॅक्टेटबरोबर एक प्रोटॉन जातो, म्हणून इंधनाची ने-आण आणि आम्लाचा निचरा एकाच फेरीत होतो. कोणत्या दिशेने जायचे हे दोन्ही बाजूंचे प्रमाण ठरवते. या वाहकांना ऊर्जा खर्चावी लागत नाही, उतार असेल तिकडे ते लॅक्टेट नेतात. रंजक पेशीच्या पुढच्या भिंतीत एमसीटी-१ आहे, मागच्या भिंतीत एमसीटी-३. दंडपेशींनी सोडलेले लॅक्टेट एमसीटी-१ आत घेते, त्यातले काही रंजक पेशी स्वतः वापरते आणि उरलेले एमसीटी-३ मधून कोरॉइडच्या रक्तात सोडते. एमसीटी-३ हे शरीरात इतरत्र फारसे आढळत नाही. ते जणू याच जागेसाठी राखलेले आहे.

ही वाहक प्रथिने पेशीत बनतात, पण एकटी भिंतीपर्यंत जाऊ शकत नाहीत. बेसिजिन नावाचे दुसरे प्रथिन एमसीटी-१, ३ आणि ४ यांना धरून आवरणापर्यंत नेते आणि तिथे बसवते. जनुकबदलाने बेसिजिन काढून टाकलेले उंदीर दिसायला ठीकठाक असतात, पण त्यांचे डोळे उघडतात तेव्हापासूनच दृष्टिपटलाचे विद्युत्-आलेख क्षीण येतात आणि पुढे दंडपेशी-शंकुपेशी मरत जातात. अन्नाची कुठे कमतरता नव्हती, रक्तवाहिन्या शाबूत होत्या. दारे जागेवर बसली नाहीत, एवढ्यानेच डोळा गेला.

आधी पंगत, मग वाढपी

रंजक पेशींची अडचण अशी की ग्लुकोज आधी त्यांच्याच हाती येते. त्यांनाही ऊर्जा लागते. लग्नाच्या पंगतीत वाढपीच आधी जेवायला बसला तर पंगत खोळंबते, तसे इथे होऊ नये यासाठी काय व्यवस्था आहे? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेम्स हर्ली यांच्या गटाने २०१७ साली याचे उत्तर सुचवले. रंजक पेशींना लॅक्टेट मिळाले की त्या ग्लुकोज कमी वापरतात, म्हणून ते दंडपेशींकडे सहज जाऊ शकते. दंडपेशी ग्लुकोज घेतात आणि लॅक्टेट परत करतात; रंजक पेशी लॅक्टेट घेतात आणि ग्लुकोज सोडून देतात. दोघींचे भागते. यातून उलटा धोकाही लक्षात येतो. दंडपेशी आजारी पडून लॅक्टेट कमी देऊ लागल्या, तर रंजक पेशी ग्लुकोज स्वतःच खाऊ लागतील आणि आजारी दंडपेशींचे हाल वाढतील. रंजक पेशींच्या तंतुकणिका बिघडल्या तरी परिणाम तोच.

या चित्रावर सगळ्यांचे एकमत मात्र नाही. दृष्टिपटलाच्या आरपार उभ्या असणाऱ्या म्युलर पेशी या आधारपेशी आहेत आणि त्यांची भूमिका वादाची आहे. १९९५ साली पोइत्री-यामाते, पोइत्री आणि त्साकोपुलोस यांनी गिनीपिगच्या दृष्टिपटलावर काम करून म्हटले की म्युलर पेशी लॅक्टेट बनवतात आणि प्रकाशपेशी, म्हणजे दंडपेशी आणि शंकुपेशी, ते खातात. मेंदूत ॲस्ट्रोसाइट पेशी चेतापेशींना लॅक्टेट पुरवतात, असा पेलरँ आणि माजिस्ट्रेटी यांचा सिद्धांत आदल्याच वर्षी आला होता, त्याच्याशी हे जुळत होते. पण २०१४ साली हर्ली यांच्याच गटाने दाखवले की ग्लुकोज-विघटनाच्या शेवटच्या पायरीचे विकर, पायरुवेट कायनेज, म्युलर पेशींत फारच थोडे असते आणि प्रकाशपेशींत मुबलक. मग लॅक्टेट बनवणारी प्रकाशपेशी आणि खाणारी म्युलर पेशी, असा प्रवाह उलटा ठरतो. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण तिच्यामागे पेशीगणिक विकरांची मोजणी आहे आणि उंदरांवरचे नंतरचे जनुकीय प्रयोगही तिकडेच बोट दाखवतात. पहिला प्रयोग वेगळ्या काढलेल्या पेशींवर होता आणि लॅक्टेटचा प्रवाह तर उताराप्रमाणे दिशा बदलतो, हेही ध्यानात ठेवायला हवे.

लॅक्टेटपलीकडची देवघेव

दृष्टिपटलात केवळ लॅक्टेटच हातोहात फिरत नाही. अंधारात दंडपेशी इतका ऑक्सिजन ओढतात की त्यांच्या मधल्या भागात तो जवळपास संपतो. अशा वेळी दृष्टिपटल फ्यूमरेटपासून सक्सिनेट बनवून बाहेर सोडते, म्हणजे तंतुकणिकांतल्या क्रेब्ज चक्रातली एक पायरी उलटी चालवते. ऑक्सिजनने समृद्ध असलेल्या रंजक पेशी ते सक्सिनेट जाळतात आणि मॅलेट परत करतात. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले. रंजक पेशी प्रोलिन हे अमिनो आम्लही आवडीने वापरतात आणि त्यातून बनलेले काही रेणू दृष्टिपटलाला देतात.

मेदाचा हिशेब तर अधिक चोख आहे. रोज गळणाऱ्या चकत्या रंजक पेशी गिळतात. त्यांतल्या मेदाम्लांचे ज्वलन करून त्या केटोन बनवतात आणि एमसीटी-१ मधून दंडपेशींकडे परत पाठवतात. चकत्यांतले डीएचए हे मौल्यवान मेदाम्ल मात्र जाळले जात नाही, ते पुन्हा बांधकामाला जाते. रक्तातून नवे डीएचए आणायला एमएफएसडी-२ए हे वेगळे वाहक प्रथिन लागते.

अ जीवनसत्त्वाची वाट जुनी आणि ओळखीची. रक्तात त्याला वाहक प्रथिन धरून आणते, रंजक पेशींच्या मागच्या भिंतीतले स्ट्रा-६ आत घेते, आत त्याचे प्रकाशाला प्रतिसाद देणारे रूप तयार होते आणि ते दंडपेशींना मिळते. जॉर्ज वाल्ड यांना दृष्टीच्या रसायनशास्त्रासाठी १९६७ साली नोबेल मिळाले. जीवनसत्त्व कमी पडले की आधी रातांधळेपणा येतो. भारताने मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू केला. अंदर मावळातल्या ठाकर-कातकरी वस्त्यांवर पावसाळ्यात शिजणारा टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला या भाज्यांत जीवनसत्त्वाचा कच्चा माल असतो. इथे खरोखर पुरवठ्याचाच प्रश्न असतो आणि तो ताटातून सुटतो. टॉरिन या पोषकद्रव्याचेही तसेच. ते न मिळालेल्या मांजरांची दृष्टिपटले झिजतात, हे १९७५ साली सिद्ध झाले.

सेरीन या साध्या अमिनो आम्लाने तर एका दुर्मीळ आजाराचा उलगडा केला. मॅक्युलर टेलँजिएक्टेसिया नावाच्या विकारात चाळिशी-पन्नाशीनंतर पीतबिंदूची नजर हळूहळू जाते. दृष्टिपटलात सेरीन मुख्यतः म्युलर पेशी बनवतात. २०१९ साली दिसून आले की या रुग्णांत सेरीन कमी असते आणि त्यामुळे प्रकाशपेशींना अपायकारक असे विकृत मेद तयार होतात. प्रकाशपेशी मरतात त्या शेजारणीकडून मिळणारा एक घास चुकल्यामुळे.

घारीचा डोळा

नागफणीच्या कड्यावर घिरट्या घालणाऱ्या घारीच्या दृष्टिपटलात एकही रक्तवाहिनी नसते, आतल्या भागातही नाही. तरी तिचे दृष्टिपटल आपल्याहून जाड असते. पक्ष्यांच्या डोळ्यात कंगव्यासारखी घड्यांची एक रचना असते, तिला पेक्टेन म्हणतात. ती ऑक्सिजन पुरवते, असे फार काळ मानले जाई. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीकडे झेब्रा फिंच पक्ष्याच्या डोळ्यात सूक्ष्म संवेदक घालून मोजले, तेव्हा दृष्टिपटलाच्या आतल्या थरांत ऑक्सिजन नव्हताच. ते थर ग्लुकोजच्या विघटनावर जगतात. पेक्टेन त्यांना ग्लुकोज देते आणि तयार झालेले लॅक्टेट काढून नेते. चेतापेशी ऑक्सिजनविना मिनिटांत मरतात असे आपण शिकतो. इथे त्या जन्मभर जगतात, कारण आणणारी आणि नेणारी वाट दोन्ही चोख आहेत.

वाटप बिघडते तेव्हा

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात सदोष जनुक बहुतेकदा दंडपेशींचे असते. आधी रात्रीची नजर जाते, मग बाजूची. शेवटी शंकुपेशीही मरतात, त्यांचे जनुक निर्दोष असूनही. २००९ मध्ये सेप्को यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले की या शंकुपेशी उपासमारीची लक्षणे दाखवतात. पॅरिसमध्ये तिएरी लेव्हेयार आणि जोसे-आलँ साहेल यांनी दंडपेशींतून स्रवणारे एक प्रथिन शोधले होते. २०१५ साली कळले की ते शंकुपेशींवरच्या बेसिजिनला बिलगते आणि तिथल्या ग्लुट-१ मधून ग्लुकोजची आवक वाढवते. दंडपेशी गेल्या की हा निरोप थांबतो आणि शंकुपेशींचे दार आखडते. हे प्रथिन जनुकोपचाराने परत द्यायच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. आपल्याकडे या आजाराला वेगळे वजन आहे. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत साधारण ७५० जणांमागे एकाला हा विकार आढळला. जगभर हे प्रमाण चार हजारांत एक असे सांगतात. मामे-आत्ये भावंडांत लग्ने होणाऱ्या कुटुंबांत अप्रभावी दोष दोन्हीकडून येण्याचा धोका वाढतो. ज्या घरात कुणाला रात्री दिसत नाही, त्या घरात नात्यातले लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

उतारवयात पीतबिंदू झिजण्याच्या आजाराबाबत २०१३ साली जगभरच्या रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास झाला. धोक्याशी जोडलेल्या नव्या जागांत एमसीटी-३ चे जनुकही निघाले. म्हणजे लॅक्टेट बाहेर सोडणारे दार वार्धक्यातल्या अंधत्वाशीही संबंधित दिसते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले: माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्ले गोळीतून दिल्याने आजाराची वाढ रोखली गेली नाही. डीएचए दृष्टिपटलाला हवेच असते, तरी गोळीने फरक पडला नाही. बाहेरून जादा वाढल्याने पेशीपर्यंत जादा पोचतेच असे नाही, हा धडा ‘डोळ्यांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीपुढे आठवावा.

मधुमेहात तर अतिपुरवठाच घात करतो. ग्लुट-१ इन्सुलिनला जुमानत नसल्याने साखर दृष्टिपटलात शिरत राहते, तिचे सॉर्बिटॉल होते, चेतापेशी आणि म्युलर पेशी आधी बिघडतात, मग केशवाहिन्या गळू लागतात. उंदरांच्या दृष्टिपटलातल्या चेतापेशींमधले ग्लुट-१ कमी केल्यावर मधुमेहाचे सुरुवातीचे दोष टळले, असे २०२१ साली दिसले. अंधारात दृष्टिपटलाची ऑक्सिजनची भूक वाढते, म्हणून मधुमेहींनी झोपताना मंद प्रकाशाचा मुखवटा घालावा, ही कल्पना तर्काला धरून होती. ब्रिटनमध्ये शोभा शिवप्रसाद यांच्या नेतृत्वाखाली ३०८ रुग्णांवर दोन वर्षे ती तपासली गेली. २०१८ च्या निष्कर्षात फायदा दिसला नाही. जुना लेसर उपचार मात्र याच तत्त्वावर टिकून आहे. कडेच्या काही प्रकाशपेशी जाळल्या की त्यांचा ऑक्सिजन उरतो आणि मधला भाग तगतो. थोडी नजर देऊन बाकीची वाचवायची, असा हा कठोर सौदा आहे.

मावळात काय करता येईल

आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. ‘स्मार्ट इंडिया’ या देशव्यापी अभ्यासात चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींपैकी सुमारे साडेबारा टक्क्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला आणि ४ टक्क्यांची नजर धोक्यात होती. हा आजार सुरुवातीला दुखत नाही, नजरही कमी होत नाही. फोटोत मात्र लाल टिंबे आणि पिवळे डाग आधीच दिसतात.

तपासणीतली खरी अडचण पैशाइतकीच वेळेची असते. थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. पवन मावळातल्या माणसाने तळेगावला किंवा पुण्याला पडदा तपासायला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची, मोटारसायकल स्वतः चालवायची नाही आणि सोबतीला एका माणसाचाही दिवस घालवायचा. भातलावणीच्या दिवसांत हे कुणाला परवडत नाही. पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आला आणि फोटो तज्ज्ञाकडे पाठवला, तर फक्त ज्यांच्या पडद्यावर दोष आहे त्यांनाच शहर गाठावे लागेल. साखर तपासणीच्या प्रत्येक शिबिरात हा कॅमेरा असायला हवा.

संशोधनापुढचे काम मोठे आहे. इथे सांगितलेले बरेचसे उंदीर, मासे, पक्षी आणि काचेच्या बशीतल्या पेशी यांच्यावर सिद्ध झाले आहे; उंदराला पीतबिंदूच नसतो. जिवंत माणसाच्या डोळ्यात लॅक्टेटचा प्रवाह मोजता आला, तर पेशी मरण्यापूर्वी, वाटप चुकू लागताच आजार ओळखता येईल. तोवर हाती असलेले साधन साधे आहे. प्रौढपणी मधुमेह निघाला की त्याच महिन्यात पडदा तपासावा आणि पुढे दर वर्षी तपासत राहावे. मधुमेही बाईला दिवस गेले तर लगेच तपासावा. रक्तातल्या साखरेचा आकडा कोठारात किती आहे ते सांगतो. पडद्यातल्या पेशींपर्यंत काय पोचले आणि तिथे काय बिघडले, हे पडदा पाहिल्याशिवाय कळत नाही.